पटकीत वाहून गेलेले मीठ

आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी नीरा ओलांडते, पादुकांना स्नान घातले जाते आणि वारी सातारा जिल्ह्यात शिरते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड. आज या मुक्कामांवर पाण्याचे टँकर असतात, आरोग्य पथके असतात, ओआरएसच्या पुड्यांची खोकी असतात. एकोणिसाव्या शतकात याच वाटेवर वारकऱ्यांच्या सोबतीने एक रोग चालत असे आणि त्याचे नाव घ्यायला माणसे कचरत. कुणी पटकी म्हणे, कुणी वाखा, कुणी नुसतेच ‘मरी आली’ म्हणून गप्प बसे. तो होता कॉलरा. पंढरीत लाखोंची दाटी, नदीच्या एकाच पात्रातले स्नान आणि पिणे, आणि मग घराकडची पायपीट. माणदेशापासून कृष्णाकाठापर्यंतच्या कितीतरी गावांत वारी परतली की आठवड्याभरात पहिला रोगी आडवा पडे.

गावाजवळ उपाय एकच होता, मरीआई. पोतराज अंगावर आसूड ओढून घेई, बाया दारात पाणी ओतत, आणि गावकरी मरीआईचा गाडा सजवून शिवेपर्यंत ढकलत नेत. पुढच्या गावाने तो आपल्या शिवेवरून आणखी पुढे काढायचा. या गाड्याला आज अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. मला त्यात एक नेमके निरीक्षण दिसते. रोग वाटेने येतो, माणसांबरोबर पुढे सरकतो, शिवेवर अडवला तर बरे, हे गावाला कळले होते. त्याच काळात युरोपातले पदवीधर डॉक्टर दूषित हवेला दोष देत होते. गावाला जे कळले नव्हते ते त्यांनाही कळले नव्हते: हा रोग माणसाला मारतो तो नेमका कसा?

साथीचा पहिला मोठा तडाखा या मुलखाला बसला तो राज्य बदलत असताना. १८१७ मध्ये बंगालमधल्या जेसोर भागातून साथ उसळली आणि नोव्हेंबरात बुंदेलखंडात गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याच्या छावणीत शिरली. ती फौज पेंढारी आणि मराठे यांच्याविरुद्धच्या मोहिमेवर निघालेली होती. पुढच्या वर्षी फौजा, व्यापारी आणि यात्रेकरू यांच्याबरोबर पटकी दख्खनभर पसरली. १८१८ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले. पेशवाई बुडाल्याचे वर्ष म्हणून ते सगळ्यांना ठाऊक आहे. पटकी दख्खनेत आल्याचे वर्ष म्हणून मात्र ते क्वचितच कुणी सांगते.

पटकीचा रोगी ज्याने पाहिला त्याला तो चेहरा विसरता येत नसे. सकाळी औताला गेलेला धडधाकट गडी दुपारी उलट्या-जुलाबांनी गळून पडे. जुलाब तांदळाच्या धुवणाच्या रंगाचे, तासाला लिटरभरसुद्धा. डोळे खोल जात, बोटांची कातडी सुरकुतून जाई, आवाज बसे, पोटऱ्यांत असे गोळे येत की चार माणसांना पाय धरावे लागत. हात गार, नाडी लागत नाही, आणि तरीही शुद्ध बहुतेक वेळा शेवटपर्यंत शाबूत. दिवेलागणीपर्यंत सगळे संपलेले असे. डॉक्टरांकडे त्यावर होते पाऱ्याचे कॅलोमेल, अफूचा अर्क आणि शीर उघडून रक्त काढणे. ज्याच्या शिरेत रक्त उरलेलेच नाही त्याची शीर उघडायची, हा त्या काळचा मान्य उपचार होता.

खरे उत्तर पहिल्यांदा सापडले ते इंग्लंडात, १८३१ च्या अखेरीस. साथ संडरलंड बंदरात उतरली होती. विल्यम ओशॉनेसी नावाचा बावीस-तेवीस वर्षांचा आयरिश डॉक्टर तिथे गेला आणि त्याने रोग्यांच्या रक्ताचे रासायनिक पृथक्करण केले. निष्कर्ष थोडक्यात असा: रक्तातले पाणी गेले आहे, मीठ गेले आहे, अल्कली गेली आहे, आणि जे रक्तात नाही ते सगळे जुलाबांत आहे. म्हणून गेले ते परत घाला. लॅन्सेटमध्ये हे वाचून स्कॉटलंडमधल्या लीथ गावच्या थॉमस लॅट्टा या डॉक्टरने १८३२ च्या मे महिन्यात ते करून पाहिले. त्याची पहिली रोगी एक म्हातारी होती, जवळजवळ मेलेलीच. मीठ आणि सोडा घातलेले पाणी शिरेतून आत जाऊ लागले तसे तिचे खोल गेलेले डोळे वर आले, ओठांवर रंग आला, नाडी लागली. लॅट्टा समाधानाने तिला रुग्णालयाच्या डॉक्टरकडे सोपवून गेला. उलट्या-जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी पुन्हा कुणी दिले नाही, आणि काही तासांत ती गेली.

पुढच्या सव्वाशे वर्षांची सगळी चूक त्या एका खोलीत आधीच घडून गेली होती. उपाय बरोबर, पण अपुरा. एकदा देऊन थांबलेला. लॅट्टा १८३३ मध्ये वारला. निर्जंतुक पाणी म्हणजे काय हे कुणाला माहीत नव्हते, त्यामुळे शिरेतून दिलेल्या पाण्यानेच काही रोगी दगावले. बहुतेकांना ते दिले गेले मरणाच्या दारात पोचल्यावर. साथ ओसरली आणि उपचारही मागे पडला.

ओशॉनेसी मात्र १८३३ मध्ये भारतात आला. कोलकात्यात त्याने औषधी वनस्पतींवर काम केले, गांजाचे गुणधर्म अभ्यासले आणि पुढे या देशातली पहिली तारायंत्राची जाळी उभारली. त्यासाठी त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली. पटकीच्या रक्तातले मीठ मोजणारा माणूस पटकीच्या देशात वीसहून अधिक वर्षे राहिला आणि त्याची ती सूचना इथे रुजली नाही. या इतिहासात मला सर्वांत बोचते ते हेच. साताऱ्यात, मिरजेत, पंढरीच्या वाळवंटात त्या वर्षांत किती माणसे गेली त्यांची नावे कुठेच नाहीत.

१८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ सातारा जिल्ह्यावरही कोसळला. आजच्या सांगलीचे खानापूर, तासगाव, वाळवा हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. सांगली हा वेगळा जिल्हा झाला १९४९ मध्ये, आधी ‘दक्षिण सातारा’ या नावाने. दुष्काळी कामांच्या छावण्या, आटलेल्या विहिरी, उपाशी पोटे, आणि त्यावर पटकी. उपाशी माणसाला पटकी लवकर मारते, ते का, हे कळायला आणखी बरीच वर्षे जायची होती. त्याच्या शरीरात स्नायू कमी उरलेले असतात, आणि ज्या क्षाराची गोष्ट पुढे येणार आहे तो राहतो स्नायूंच्याच पेशींत.

विल्यम वॉनलेस हा कॅनडात जन्मलेला मिशनरी डॉक्टर १८८९ मध्ये या भागात आला. सांगलीत त्याने सुरुवात केली आणि १८९४ साली मिरजेत त्याचे रुग्णालय उभे राहिले. मिरज हे रेल्वेचे जंक्शन. कोल्हापूर, बेळगाव, विजापूरकडून रोगी गाडीने येत. मोतीबिंदू, मुतखडे, पोटातल्या गाठी, असल्या शस्त्रक्रियांवर त्या रुग्णालयाचे नाव झाले आणि मिरजेला आजही जी दवाखान्यांची नगरी म्हणतात तिची मुळे तिथे आहेत. पण १८९४ चे जगातले कुठलेही रुग्णालय, मिरजेतले असो वा लंडनमधले, रोग्याच्या हृदयात क्षारांचे काय चालले आहे हे पाहू शकत नव्हते.

त्याची पहिली चाहूल लंडनमध्ये एका बेडकाच्या हृदयाने दिली होती. युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधले डॉक्टर सिडनी रिंगर सकाळ-संध्याकाळ रोगी पाहत आणि मधल्या वेळात प्रयोगशाळेत बसत. १८८२ मध्ये त्यांनी दाखवले की शरीरातून काढलेले बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यात तासन्‌तास धडधडत राहते. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच जाहीर केले की आधीच्या प्रयोगात पाणी शुद्ध नव्हते. द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात केले गेले होते आणि त्या पाण्यात चुना होता, म्हणजे कॅल्शियम होते. शुद्ध पाण्यात नुसते मीठ घातले तर हृदय थोड्या वेळात दुबळे पडून थांबते. कॅल्शियमचा कण मिळाला तर ते पुन्हा आकुंचन पावते. नुसत्या कॅल्शियमने ते आवळून जाते. त्याला आवर घालायला थोडे पोटॅशियम लागते, आणि ते जास्त झाले की हृदय सैल पडून थांबते. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, तिन्ही हवेत आणि प्रत्येक आपापल्या मापात हवे. आज साताऱ्या-सांगलीच्या कुठल्याही दवाखान्यात लावली जाणारी ‘आरएल’ची बाटली म्हणजे याच रिंगरांचे द्रावण. सेंट लुईसच्या अलेक्सिस हार्टमन या बालरोगतज्ज्ञाने १९३० च्या दशकात त्यात लॅक्टेट घातले, एवढाच बदल.

हृदयाला क्षारांची ही गरज का, ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. शरीरातले सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. आत लिटरला १४० मिलिमोलच्या आसपास, बाहेर रक्तात जेमतेम ४. सोडियमचे नेमके उलटे. प्रत्येक पेशीच्या भिंतीतले पंप अखंड ऊर्जा खर्च करून हा फरक टिकवतात. डेन्मार्कच्या येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंत हा पंप ओळखला आणि १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. कोयनेच्या भिंतीआड पाणी उंच साठवलेले असते म्हणूनच खाली वीज तयार होते, तसा आत-बाहेरचा हा फरक आहे म्हणूनच हृदयाच्या पेशीत वीज असते. ठोका पडताना सोडियम आत धावते, मागून कॅल्शियम शिरते, स्नायू आवळतो, आणि मग पोटॅशियम बाहेर पडून पेशी पुढच्या ठोक्यासाठी मोकळी होते. रक्तातले पोटॅशियम ४ चे अडीच झाले किंवा साडेसात झाले तर आकड्यात फरक मोठा वाटत नाही. हृदयाच्या विजेला तो जगण्या-मरण्याचा फरक असतो.

ती वीज कागदावर उतरवली लायडनच्या विलेम आइनथोव्हेन यांनी. लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ मध्ये पाऱ्याच्या नळीने माणसाच्या हृदयाची वीज टिपली होती, पण ती रेघ अस्पष्ट होती. आइनथोव्हेन यांनी चुंबकाच्या दोन टोकांमध्ये चांदीचा मुलामा दिलेली क्वार्ट्‌झची अतिसूक्ष्म तार ताणली आणि तिची थरथर प्रकाशाने टिपली. या धर्तीचे एक यंत्र त्याआधी फ्रान्सच्या क्लेमाँ आदेर यांनी समुद्राखालच्या तारेचे संदेश टिपायला वापरले होते. ओशॉनेसीच्या आयुष्यातली दोन कामे, रक्तातले मीठ आणि तारायंत्र, अशी हृदयाच्या रेघेत एकत्र येतात. हे पाहायला तो नव्हता. आइनथोव्हेन यांचे यंत्र सुमारे २७० किलोंचे होते आणि ते चालवायला पाच माणसे लागत. रोग्याचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून त्याला बसवत. रेघेवरच्या उंचवट्यांना त्यांनी पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे दिली आणि ती आजही तशीच आहेत. १९२४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पटकीत मीठ जाते हे माहीत होते, हृदयाला कोणते क्षार लागतात हे माहीत होते आणि हृदयाची वीज कागदावर उतरत होती. तिन्ही गोष्टी तीन वेगळ्या खोल्यांत होत्या. त्यांना जोडणारा माणूस नव्हता.

कोलकात्यात लेनर्ड रॉजर्स यांनी लॅट्टाचा उपाय पुन्हा हातात घेतला. रक्त किती घट्ट झाले आहे ते मोजून त्यांनी त्या मापाने शिरेतून मिठाचे तीव्र द्रावण द्यायला सुरुवात केली. पुढे अल्कलीही वाढवली, कारण रोगी पाण्याने सावरत आणि मग लघवी बंद पडून जात. मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ही मोठीच गोष्ट होती. पण पूर्वी जे जात त्यांतले निम्मे तरीही जात होते, आणि तेही मोठ्या शहराच्या मोठ्या रुग्णालयात. शिरेतून द्यायच्या निर्जंतुक पाण्याची बाटली माण-खटावच्या गावात पोचणे तेव्हा कल्पनेपलीकडचे होते.

पोटॅशियम आणि हृदयाची रेघ यांची गाठ पडली १९३० च्या दशकात. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात विंकलर, हॉफ आणि स्मिथ यांनी कुत्र्यांच्या शिरेत हळूहळू पोटॅशियम सोडत हृदयाची ती रेघ, म्हणजे ईसीजी, काढली आणि १९३८ मध्ये त्याची नोंद छापली. रक्तातले पोटॅशियम चढत जाते तशी रेघ ठरलेल्या क्रमाने बदलते. पोटॅशियम आणखी चढले की हृदय थांबते. १९४० च्या दशकात ज्योतीचा रंग पाहून सोडियम-पोटॅशियम मोजणारे फ्लेम फोटोमीटर आले. त्याआधी रक्तातले पोटॅशियम मोजायला रसायनतज्ज्ञाला तासन्‌तास खपावे लागे. त्यामुळे बराच काळ ईसीजी हाच पोटॅशियमचा सर्वांत जलद मापक होता, आणि जिथे रात्री प्रयोगशाळा बंद असते तिथे तो आजही आहे.

याच सुमारास येलच्या डॅनियल डॅरो यांनी जुलाब झालेल्या तान्ह्या मुलांकडे वेगळ्या नजरेने पाहिले. पाणी देऊन, मीठ देऊन मुले सावरल्यासारखी दिसत आणि मग मलूल होऊन, पोट फुगून, अचानक दगावत. डॅरो यांनी हिशेब मांडला: मुलाने गमावलेल्यात पोटॅशियमही आहे आणि ते कुणीच परत देत नाही. दिले तेव्हा मृत्यू झपाट्याने कमी झाले.

पटकीचा हिशेब तर याहून कठोर. मोठ्या माणसाच्या जुलाबांत लिटरमागे १५ ते २० मिलिमोल पोटॅशियम जाते, मुलांत त्याहून जास्त. दहा लिटर गेले तर दीडशे ते दोनशे. पेशींच्या बाहेर, रक्तासकट साऱ्या पाण्यात, एकूण असते साठाच्या आसपास. म्हणजे जाते ते पेशींच्या आतून, स्नायूंतून, उपसून जाते. आणि इथे एक फसवणूक आहे. जुलाबांत अल्कलीही गेल्यामुळे रक्त आम्ल होते, आम्लतेमुळे पेशींतले पोटॅशियम बाहेर ढकलले जाते, आणि रक्त तपासले तर आकडा बरा दिसतो. मग डॉक्टर सलाईन लावतो, सोडा देतो, ग्लुकोज देतो. नाडी भरते, रोगी डोळे उघडतो, नातेवाईक हात जोडतात. आम्लता ओसरताच पोटॅशियम पेशींत परत शिरते आणि रक्तात काही उरत नाही.

ही घटना ईसीजीवर डोळ्यांदेखत घडते. ठोक्यानंतर येणारी टी लहर, जी एरवी गोल, ठसठशीत असते, ती बसू लागते. तिच्याआधीची रेघ खाली झुकते. टीच्या मागे यू नावाची आणखी एक लहर डोके वर काढते आणि वाढत वाढत टीला गिळते. हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला लागणारा वेळ लांबतो, आणि त्या लांबलेल्या वेळात एखादा अवेळी ठोका पडला तर खालचे कप्पे बेताल फडफडू लागतात. अशा रोग्याचे मॅग्नेशियमही बरेचदा उतरलेले असते, आणि ते भरून काढले नाही तर मूत्रपिंडे दिलेले पोटॅशियम गळूच देतात. कॅल्शियम उतरले तर टी जवळजवळ तशीच राहते, तिच्याआधीचा सपाट भाग मात्र लांबतो. चढले तर तो आखडतो. जाणता डॉक्टर हातातल्या पट्टीवरून कोणता क्षार हलला आहे याचा अंदाज बांधतो, तो या फरकांवरून.

ओशॉनेसीने सांगितलेले मीठ आणि सोडा लॅट्टाने घातले. लीथमधली म्हातारी पुन्हा पाणी न मिळाल्याने गेली. पण पुढच्या शतकात नुसत्या मीठ-पाण्यावर ‘सुधारला’ म्हणून लिहिलेले आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अचानक गेलेले जे रोगी, त्यांतले अनेक पोटॅशियमने गेले असणार असे मी मानतो.

पोटॅशियम चढण्याची बाजूही सातारा जिल्ह्याच्या इतिहासात आहे. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनानगर हादरले. पाटण तालुक्यातली दगड-मातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. जवळजवळ दोनशे माणसे गेली, जखमी दोन हजारांवर. ढिगाऱ्याखाली दबलेल्या माणसाचे काय होते हे वैद्यकाला लंडनवरच्या बाँबहल्ल्यांनी शिकवले होते. १९४१ मध्ये बायवॉटर्स आणि बीअल यांनी लिहिले की तासन्‌तास मांडी किंवा दंड चिरडून राहिलेले लोक बाहेर काढल्यावर ठीक दिसतात, बोलतात, चहा मागतात, आणि मग त्यांची लघवी काळसर होऊन बंद पडते. चिरडलेल्या स्नायूंतले पोटॅशियम दगड उचलताच रक्तात उतरते, आणि ते बाहेर टाकणारी मूत्रपिंडे स्नायूंतल्याच रंगद्रव्याने जायबंदी झालेली असतात. मग येलच्या कुत्र्यांत दिसला तो क्रम माणसात दिसतो: टी लहर अरुंद, टोकदार, तंबूसारखी उभी, पी लहर सपाट होत नाहीशी, मधला मुख्य ठोका रुंदावत जाणारा, शेवटी सगळे मिळून एकच संथ लाट, आणि मग काहीच नाही. म्हणूनच आता बचाव पथके शक्य तिथे माणूस ढिगाऱ्यात असतानाच, दगड उचलण्याआधी, त्याला पोटॅशियम नसलेले सलाईन सुरू करतात. तंबूसारखी टी दिसली तर डॉक्टर रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट देतो, हृदयाला आवर घालण्यासाठी. मग इन्सुलिन आणि ग्लुकोज, पोटॅशियम पेशींत परत लोटण्यासाठी. कॅल्शियम आणि पोटॅशियम एकमेकांना तोलतात हे रिंगरांनी बेडकाच्या हृदयात पाहिले होते. डायलिसिसवरच्या रोग्याला शहाळ्याचे पाणी पिऊ नका, असे डॉक्टर बजावतात तेही याच भीतीने.

पटकीचा शेवटचा धडा बंगालात शिकला गेला. १९६० च्या दशकात ढाका आणि कोलकात्याच्या संशोधकांनी हिशेब पुरा केला. किती पाणी, किती सोडियम, किती अल्कली, किती पोटॅशियम जाते ते मोजून तेवढेच परत द्यायचे, जुलाब थांबेपर्यंत द्यायचे. ढाक्याचे द्रावण ५-४-१ म्हणून ओळखले गेले: लिटरमागे पाच ग्रॅम मीठ, चार ग्रॅम खाण्याचा सोडा, एक ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. मृत्यू एक टक्क्याखाली आणता येतात हे सिद्ध झाले. नुसत्या आरएलमध्ये पोटॅशियम लिटरला चारच मिलिमोल असते, ते पटकीला पुरत नाही, हेही स्पष्ट झाले. त्याच दशकात, १९६२ मध्ये, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुढच्या पिढ्यांचे डॉक्टर ही आकडेमोड पाठ करूनच जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत गेले.

तरी शिरेतले पाणी म्हणजे सुई, बाटली, नळी आणि ती लावणारा हात. हे सगळे नसेल तर? आतडे पटकीतही ग्लुकोजबरोबर सोडियम शोषते, हे लक्षात आल्यावर १९६८ मध्ये ढाक्यात तोंडाने द्यायचे द्रावण यशस्वी झाले. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धातले लाखो निर्वासित सीमा ओलांडून आले आणि बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायच्या बाटल्या संपल्या. तरुण बालरोगतज्ज्ञ दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि सोडा यांच्या पुड्या भरायला लावल्या, पिंपात पाणी कालवले आणि रोग्यांच्या आई-बापांच्या, भावांच्या हाती पेले दिले. मृत्यू तीस टक्क्यांच्या आसपास होते, ते चारच्या खाली आले. महालनबीस २०२२ मध्ये वारले आणि दुसऱ्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. ओशॉनेसीच्या सूचनेपासून बनगावच्या पिंपापर्यंत १४० वर्षे गेली होती. यंत्रे नव्हती म्हणून ही वर्षे गेली असे म्हणता येत नाही. मीठ, साखर आणि उकळलेले पाणी १८३१ मध्येही होते, आणि ते पाजणारी आई प्रत्येक घरात होती.

बनगावच्या पुडीत पोटॅशियम नव्हते. लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा, एवढेच, कारण घाईत आणि स्वस्तात मिळणारे तेवढेच होते. तिथे तो निर्णय बरोबरच होता, आधी माणूस वाचवायचा होता. पण आपल्याकडे मीठ-साखर-पाण्याचा जो घरगुती पाठ आरोग्य सेविका गावोगाव देत गेल्या, लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, त्यातही पोटॅशियम नाही. म्हणून त्याबरोबर शहाळे, केळे, डाळीचे पाणी, ताक द्या, हा त्या पाठाचा उरलेला भाग आहे आणि तो सांगताना गाळला जातो. घरात चार दिवस हगवण झालेले मूल पाय उचलत नसेल, मान टाकत असेल, पोट फुगले असेल, तर त्याला अशक्तपणा म्हणून थांबू नये. त्याच्या स्नायूंतून पोटॅशियम गेलेले असू शकते, आणि हृदय हाही स्नायूच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये पुडीचे प्रमाण ठरवले तेव्हा त्यात पोटॅशियम घातले, लिटरला २० मिलिमोल. सोडियम ९० आणि ग्लुकोज १११. पुढे अभ्यास झाले, मुलांना जास्त सोडियम नको असे दिसले, आणि २००२ मध्ये प्रमाण बदलले: सोडियम ७५, ग्लुकोज ७५. पोटॅशियम २० होते ते २० च ठेवले गेले.